ग्लुटाथायोन, कोलॅजन की ताटातला पेरू? त्वचेच्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न असा आलाय: वय ३७, शाकाहारी, ऑफिसला रोज स्कूटीने जाणं-येणं, दोन्ही गालांवर वांग, चेहरा ओढलेला आणि निस्तेज दिसतो, वय दिसायला लागलंय असं घरचेच बोलून दाखवतात. मैत्रिणीचं ऐकून ग्लुटाथायोनच्या पाण्यात टाकायच्या गोळ्या, कोलॅजन पावडर, व्हिटॅमिन सी १००० आणि व्हिटॅमिन ई ४०० असं चारही सुरू करायचं मनात आहे, घ्यावं का, की आहारातल्या अँटिऑक्सिडंटने भागेल?

ताई, सरळ उत्तर आधी देते आणि मग कारणं सांगत बसते. चारपैकी एकही आज विकत घेऊ नका. त्या पैशातून आधी रक्ताच्या पाच तपासण्या करा, एक चांगलं सनस्क्रीन आणा आणि उरलेले भाजी-फळं-डाळीवर घाला. मी सोलापुरात स्किनची प्रॅक्टिस करते आणि असा डबा पिशवीत घेऊन येणाऱ्या बायका (आणि हल्ली मुलगेसुद्धा, लग्न ठरलं की) इतक्या येतात की हे सगळं एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

अँटिऑक्सिडंट ही भानगड काय आहे ते पटकन. आपल्या पेशी ऑक्सिजन वापरतात त्यात फ्री रॅडिकल्स तयार होतात, उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेट किरणांनी, सिगारेटच्या आणि गाड्यांच्या धुराने आणखी होतात, आणि हे फ्री रॅडिकल्स पेशींची नासधूस करतात म्हणून आपण म्हातारे होतो अशी थिअरी डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडली. त्वचेच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. ऊन लागलं की त्वचेत कोलॅजन (त्वचेला घट्ट धरून ठेवणारं प्रोटीन) कापणारी एन्झाइम्स जागी होतात आणि सुरकुतीची सुरुवात तिथून होते. हे फ्री रॅडिकल्स निकामी करतात ते अँटिऑक्सिडंट. त्यात शरीराची स्वतःची फौज असते, ग्लुटाथायोन, कॅटालेज, सुपरऑक्साइड डिसम्यूटेज वगैरे, ही शरीर स्वतः बनवतं, आणि जेवणातून येणारे सी, ई, कॅरोटिनॉइड्स (गाजर-टोमॅटोतले पिवळे-लाल रंग), पॉलिफेनॉल्स (चहा, भाज्या, फळांतली द्रव्यं) हे तिच्या जोडीला. व्हिटॅमिन ई वापरलं गेलं की सी त्याला परत कामाला लावतं, म्हणजे हे सगळे एकमेकांच्या आधाराने चालतात, एकटा कोणी हिरो नाही. इथपर्यंत सगळं बरोबर आहे. घोळ होतो तो पुढच्या पायरीला, की थोडं चांगलं तर मग हजार मिलिग्रॅम अजून चांगलं.

याची परीक्षा झालेली आहे, आणि तीही अगदी तुमच्याच प्रश्नाची. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये नॅम्बोर नावाचं गाव आहे, ऊन कडक, माणसं गोरी. तिथल्या ५५ च्या आतल्या ९०३ लोकांना चार गटांत विभागलं, काहींना रोज सनस्क्रीन लावायला दिलं, काहींना नेहमीसारखं मनाला येईल तेव्हा लावा म्हटलं, आणि त्यातच काहींना रोज ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिनची गोळी तर काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी. साडेचार वर्षांनी हाताच्या मागच्या त्वचेचे ठसे घेऊन तपासले. रोज सनस्क्रीनवाल्यांची त्वचा इतरांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झालेली होती. बीटा कॅरोटिनच्या गोळीने? एकूणात काही फरक नाही. हा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला, एकाच गावात, एकाच उन्हात, एकाच माणसांवर दोन्ही गोष्टी ताडून बघितलेला, आणि तरी गोळ्यांची दुकानं जोरात चालू आहेत.

बरं, नुसता फायदा नाही एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं घ्या बाई, पैसे तुमचे. पण फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटिन दिलं तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल ही अपेक्षा होती आणि झाला १८ टक्के जास्त, हे १९९४ मधलं. फ्रान्समध्ये सी, ई, बीटा कॅरोटिन, सेलेनियम, झिंक अशी मिश्र गोळी, तीही फार मोठ्या डोसची नाही, वर्षानुवर्षं दिली तर बायकांमध्ये त्वचेचे कॅन्सर उलट जास्त निघाले. आपल्या सावळ्या कातडीत त्वचेचा कॅन्सर तसा कमीच, त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण "नॅचरल आहे, नुकसान तर नाही ना" हे वाक्य त्यामुळे टिकत नाही एवढं लक्षात घ्या.

असं का होतं? एक तर फ्री रॅडिकल्स हे नुसते शत्रू नाहीत, शरीर त्यांचा निरोप्या म्हणूनही वापर करतं. २००९ च्या एका जर्मन अभ्यासात व्यायाम करणाऱ्या तरुणांना सी १००० आणि ई ४०० दिलं (हो, बरोबर तुमच्याच यादीतलं कॉम्बिनेशन) आणि व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारतं तो फायदाच दबला गेला. दुसरं म्हणजे भाजीतले पॉलिफेनॉल्स रक्तात फार थोडे पोचतात, ते स्वतः जाऊन फ्री रॅडिकल्स पकडत नाहीत तितके, शरीराला थोडासा धक्का देऊन स्वतःची फौज वाढवायला लावतात असं आता जास्त मानलं जातं. त्यामुळे टेस्ट ट्यूबमध्ये एखादा पदार्थ किती जोरदार आहे याला जेवणात फारसा अर्थ नाही. ओरॅक नावाचा असाच एक आकडा डब्यांवर छापून यायचा, अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याची यादीच २०१२ मध्ये आपल्या साइटवरून काढून टाकली, कारण कंपन्या तो आकडा वाट्टेल तसा वापरत होत्या. तुमच्या डब्यावर अजून असेल तर हसा आणि ठेवून द्या.

आता तुमच्या यादीकडे.

ग्लुटाथायोन. हे तीन अमिनो ॲसिड्सचं छोटं प्रोटीनसारखं रेणू आहे, तोंडाने घेतलं की बरंचसं आतड्यात तुटतं. थायलंडमध्ये मेडिकलच्या ६० विद्यार्थ्यांवर रोज ५०० मिलिग्रॅम चार आठवडे देऊन केलेला एक अभ्यास सगळे कंपनीवाले दाखवतात, त्यात यंत्रावर थोडा फरक दिसलाही होता, पण चार आठवडे म्हणजे काय हो, त्यानंतर काय झालं, गोळी बंद केल्यावर काय झालं, वांगावर काय झालं, यातलं काही त्यात नाही. मला त्यातली खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. ग्लुटाथायोन त्वचेला रंग देणारं मेलॅनिन काळ्या प्रकाराकडून पिवळसर-लाल प्रकाराकडे वळवतं असं समजलं जातं, आणि हा पिवळसर प्रकार उन्हापासून संरक्षण करण्यात कच्चा असतो. म्हणजे तरुण त्वचेसाठी पैसे देऊन आपण आपली जन्मजात छत्री मिटवायची. इंजेक्शनचं तर नावच काढू नका, गोरं करण्यासाठी शिरेतून ग्लुटाथायोन द्यायला मान्यता नाही, फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला होता, तरी आपल्याकडे पार्लरमध्ये सलाइन लावणारे आहेत. आणि अजून एक, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांमध्ये सोडियम बऱ्यापैकी असतं, घरात कोणाला बीपी असेल आणि तेही "मलाही दे एक" म्हणत असतील तर हे ध्यानात असू द्या.

कोलॅजन पावडर. तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय, तर डब्याच्या मागे बघा, कोलॅजन हे माशांच्या नाहीतर जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनच काढतात, झाडात कोलॅजन नसतंच. "व्हेज कोलॅजन" म्हणून जे विकतात ते अमिनो ॲसिड्स आणि व्हिटॅमिन सी यांचं मिश्रण असतं, म्हणजे थोडक्यात महागडं वरण आणि लिंबू. कोलॅजन खाल्लं की ते जाऊन गालात बसेल ही कल्पना टक्कल पडलं म्हणून केस खाण्यासारखी आहे, पोटात गेल्यावर ते तुटणारच. आता न्यायाने सांगायचं तर तुटल्यावर जे बारीक पेप्टाइड्स राहतात ते त्वचेला कोलॅजन बनवायला उद्युक्त करतात असा दावा आहे आणि काही अभ्यासांत त्वचेचा ओलावा, लवचिकपणा थोडा सुधारलाही. पण २०२५ मध्ये २३ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा ज्यांना कंपन्यांचा पैसा नव्हता त्यांत फरक सापडला नाही. यावरून काय ते समजा.

व्हिटॅमिन सी. याच्याशी माझं वैर नाही, उलट चौघांमध्ये खरं काम असलेलं हेच. कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट विणणारी जी एन्झाइम्स आहेत ती सी शिवाय चालतच नाहीत, म्हणूनच स्कर्व्ही या सी च्या कमतरतेच्या आजारात हिरड्यांतून रक्त यायचं आणि जुन्या जखमा उसवायच्या. पण त्यासाठी लागतं किती? आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बाईला रोज ६५ मिलिग्रॅम, पुरुषाला ८०. पेरूत शंभर ग्रॅमला दोनशेच्या वर असतं, म्हणजे अर्ध्या पेरूत तुमचा दिवसाचा हिशोब झाला. आवळ्यात अडीचशेच्या आसपास (जुन्या तक्त्यांत सहाशे लिहायचे, नवीन मोजणीत तेवढं आलं नाही), आणि ज्याचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं त्या संत्र्यात जेमतेम चाळीस-पन्नास, नागपूरकरांनी रागवू नये. शरीर दोनशे मिलिग्रॅमपर्यंतचा डोस जवळपास पूर्ण शोषतं, हजाराच्या पुढे निम्म्याहून कमी, न शोषलेलं आतड्यातूनच बाहेर पडतं, शोषलेल्यातलं जास्तीचं लघवीवाटे जातं आणि त्यातल्या काहीचं ऑक्झलेट होतं. स्वीडनमध्ये अशा गोळ्या घेणाऱ्या पुरुषांत मुतखडे साधारण दुप्पट निघाले होते, आणि आमच्या सोलापूरच्या उन्हात मुतखड्याला निमित्त लागतच नाही.

व्हिटॅमिन ई ४००. हाच डोस अमेरिकेत पुरुषांना वर्षानुवर्षं दिला तर प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के वाढला, हे सांगायचं कारण म्हणजे घरात डबा आला की नवराही घेतो. तुम्हाला लागणारं ई शेंगदाणे, सूर्यफुलाचं तेल, बदाम यांत आरामात मिळतं. कॅप्सूल फोडून चेहऱ्याला चोळायचा प्रकार तर अजिबात नको, त्याची ॲलर्जी येऊन लाल-सुजलेले चेहरे मी दर सीझनला बघते. तसंच लिंबाचं. लिंबू पोह्यांवर पिळा, चेहऱ्यावर नको, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की चक्क भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि ते जाताना काळे डाग ठेवून जातात.

मग आहाराने काय होतं? पुष्कळ होतं, पण ते अँटिऑक्सिडंट या शब्दाच्या बाहेर जास्त होतं, आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही.

"निस्तेज, ओढलेला चेहरा" असं जेव्हा पस्तीस-चाळिशीतली बाई सांगते तेव्हा मी आधी तिच्या पापणीची आतली बाजू आणि नखं बघते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के ॲनिमिक निघाल्या, म्हणजे तुमच्या ऑफिसमधल्या निम्म्या. हिमोग्लोबिन नऊ असताना चेहऱ्याला ग्लो कुठून येणार, कितीही सीरम लावा. आपल्याकडे बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, आणि ते लाल रंगाच्या बीटमधून येत नाही हो, बीटात शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमसुद्धा धड नसतं, रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही. पालेभाज्या, डाळी, बाजरी, हळीव, तीळ यांतून येतं, पण झाडातलं लोह शरीर नीट घेत नाही, त्याला सोबत व्हिटॅमिन सी लागतं, त्यामुळे लिंबाची फोड ताटात रोज हवी, नुसती पाहुणे आल्यावर नाही. आणि जेवणावर लगेच चहा नको. गंमत अशी की चहातले पॉलिफेनॉल्स स्वतः उत्तम अँटिऑक्सिडंट आहेत आणि तेच लोह अडकवून ठेवतात, म्हणून चहा-जेवण यांत तासभर तरी अंतर ठेवा. ग्रीन टीलाही हाच नियम, त्याच्या अर्काच्या कॅप्सूल तर घेऊच नका, त्या लिव्हरला त्रास देऊ शकतात.

दुसरं बी१२. शाकाहारी माणसात हे कमी असणं इतकं कॉमन आहे की नॉर्मल रिपोर्ट आला तर मलाच आश्चर्य वाटतं. बी१२ कमी झालं की बोटांच्या पेरांवर, नखांच्या मुळाशी, तळहातांच्या रेषांत काळेपणा येतो, लोक त्याला टॅनिंग समजून डी-टॅन पॅक लावत बसतात. इंजेक्शनं-गोळ्या सुरू झाल्या की काही महिन्यांत हा काळेपणा उतरतो. त्वचा आणि आहार यांचं नातं याहून स्पष्ट मला तरी दाखवता येणार नाही. तसं एक मोठं उदाहरण आपल्याच दख्खनचं आहे, नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा व्हायचा, उन्हात उघड्या राहणाऱ्या भागावर, गळ्याभोवती हारासारखा, काळी जाड भाजल्यासारखी कातडी. हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्यावर काम केलं, ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो ॲसिडमुळे नायसिनचा (व्हिटॅमिन बी३ चा) घोळ होतो असं त्यांचं म्हणणं होतं. लगेच भाकरी सोडू नका, आमटी-उसळ-दही-शेंगदाणे सोबत असले की काही होत नाही, आमच्याकडे भाकरीवर शेंगाचटणी आणि दही घेतात ते उगाच नाही.

तिसरं प्रोटीन. साधारण किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ४५ च्या आसपास. आता तुमचा दिवस मोजा: सकाळी पोहे, दुपारी डब्यात पोळी-भाजी, संध्याकाळी चहा-खारी, रात्री वरणभात आणि वरण असं की तळ दिसतो. पंचवीस-तीसच्या वर जात नाही बहुतेकींचं. मूग किंवा मटकीची वाटीभर घट्ट उसळ सात-आठ ग्रॅम देते, दह्याची वाटी, मूठभर दाणे, पनीर, पिठल्यात बेसन जरा सढळ, असं दोन्ही जेवणांत आणि नाश्त्याला वाटून घ्या. शरीराला स्वतःचं कोलॅजन आणि स्वतःचं ग्लुटाथायोन बनवायला हाच कच्चा माल लागतो, डब्यावर लिहिलेली दोन्ही नावं उसळीतून निघतात.

आणि साखर. हा भाग जरा नीट वाचा. रक्तातली साखर कोलॅजनच्या धाग्यांना चिकटते, धागे कडक आणि ठिसूळ होतात, ते परत सुटत नाहीत. तुम्ही एचबीए१सी तपासणी ऐकली असेल, त्यात हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजतात, तेच त्वचेत होतं, फरक एवढाच की हिमोग्लोबिनची पेशी चारेक महिन्यांत बदलते आणि त्वचेतलं कोलॅजन वर्षानुवर्षं तेच राहतं. इन्सुलिन सतत चढं राहिलं की मान काळी पडते, काखेत काळी मखमलीसारखी कातडी येते, मानेवर बारीक मस येतात. मुलीची मान काळी म्हणून आया काथ्याने घासतात, मळ नसतो तो, मुलीचं इन्सुलिन बोलत असतं. तारुण्यपिटिकांवरही झटपट साखर वाढवणाऱ्या खाण्याचा परिणाम दिसलेला आहे, आणि जिममधल्या पोरांच्या पाठीवर मुरमं आली की मी आधी व्हे प्रोटीनचा डबा विचारते. तेव्हा साखर कमी म्हणजे कमी, त्यात गूळ, काकवी, खजुराचे लाडू, मध हेही आले. गुळात लोह आहे म्हणून चार खडे खाणाऱ्या खूप भेटतात, लोह चिमूटभर आणि साखर मूठभर. एबीसी ज्यूसचं फॅड पण तसलंच, सफरचंद-बीट-गाजर गाळून चोथा फेकून द्यायचा आणि गोड पाणी प्यायचं, त्यापेक्षा ते तिन्ही चावून खा. मोरावळा, आवळा कँडी, बाटलीतलं कोकम सरबत यांत आवळा-कोकम निमित्ताला असतात. कोकम हवं तर आमसुलं भिजवून सार करा.

आता रंगांचं, म्हणजे तुम्हाला मूळ अपेक्षित असलेलं उत्तर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितलीत. ४०० ग्रॅम म्हणजे पुष्कळ होतात, एकदा वजनकाट्यावर ठेवून बघाच, डब्यातली चमचाभर बटाट्याची भाजी त्यात पाव हिस्सासुद्धा भरत नाही. लाल माठ, शेवग्याचा पाला, मेथी, अळू, चाकवत, शेपू, भोपळा, गाजर, टोमॅटो, जांभूळ, करवंदं, पपई, आपापल्या सीझनला जे स्वस्त आणि ढीगभर येतं तेच घ्या, ब्लूबेरी आणि अव्हॅकॅडोच्या मागे लागायचं काही कारण नाही. जर्मनीत काही लोकांना रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट १० ग्रॅम ऑलिव्ह तेलासोबत दहा आठवडे दिली तेव्हा मुद्दाम दिलेल्या अल्ट्राव्हायोलेटने येणारी लाली ४० टक्क्यांनी कमी झाली होती. छान आहे, पण सनस्क्रीनची जागा घेण्याइतकं अजिबात नाही, आणि दहा आठवडे लागले हेही बघा. यातली कामाची गोष्ट तेलाची आहे. टोमॅटोतलं लायकोपीन, गाजरातलं कॅरोटिन हे चरबीत विरघळतात, कच्चं गाजर नुसतं चावून बरंचसं वाया जातं, पण आपण गाजराच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालतो आणि वरून फोडणी देतो, टोमॅटो तेलावर परततो, ही पद्धत शास्त्राने बरोबर आहे. उलट सी उष्णतेने जातं, त्यामुळे पेरू, आवळा, लिंबू कच्चंच, आणि लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं. जवसाची आणि तिळाची चटणी रोज चमचाभर असू द्या, जवसात वनस्पतीतलं ओमेगा-३ असतं. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली खा, सुरमईपेक्षा स्वस्त आणि त्यात ओमेगा-३ भरपूर. हळद फोडणीत, वरणात, दुधात चालू ठेवा, कॅप्सूल नको, विशेषतः मिरीचा अर्क घातलेल्या, त्यात कर्क्युमिन या हळदीतल्या मुख्य द्रव्याचं शोषण प्रचंड वाढतं हे खरं आहे आणि त्याच्यासोबत लिव्हरला इजा झालेले पेशंटही नोंदवले गेलेत. आणि पपई-गाजर अति झालं तर तळहात पिवळे पडतात, कावीळ समजून लोक धावत येतात, डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर ती कावीळ नाही, गाजर कमी करा, जाईल.

पाणी किती प्यावं हे नक्की विचाराल. तहान भागेल आणि लघवी फिकट राहील इतकं. त्याच्या वर चार लिटर पिऊन सुरकुती भरत नाही, फक्त ऑफिसातून उठून जावं लागतं.

राहिलं वांग. ते आहाराने जात नाही, कुठल्याच, आणि हे ऐकून तुम्ही नाराज व्हाल पण खोटी आशा दाखवून काय उपयोग. ऊन, हार्मोन्स, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातली ठेवण, यांतून ते येतं. आपल्या त्वचेत वय हे सुरकुत्यांआधी डागांनी आणि असमान रंगाने दिसतं, म्हणून तुमच्याबाबतीत तरुण त्वचा म्हणजे निम्मं काम वांगाचंच आहे. स्कूटीवर रोजचं ऊन लागतं ते धरा. २०१२ मध्ये एका अमेरिकन ट्रक ड्रायव्हरचा फोटो मेडिकल जर्नलमध्ये आला होता, २८ वर्षं खिडकीकडचा डावा गाल उन्हात, आणि चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी. तोच माणूस, तेच जेवण, दोन गाल. काचेतूनसुद्धा यूव्हीए (अल्ट्राव्हायोलेटचाच एक प्रकार) येतं, तुमच्या तर काचही नाही. एसपीएफ ३० च्या वरचं, पीए+++ लिहिलेलं, आणि वांग आहे म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन घ्या, कारण सावळ्या त्वचेत साधा दिसणारा उजेडही वांग वाढवतो आणि पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही. चेहरा-मानेला दोन बोटांवर भरेल इतकं, बिंदीएवढं नाही. स्टोल बांधता तो पातळ पांढरा असेल तर बदला, गडद आणि घट्ट विणीचा घ्या. मेडिकलमधून "वांगाची ट्यूब" स्वतःहून आणू नका, त्यातल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं, महिनाभर चेहरा चमकतो आणि मग कातडी पातळ, लाल, केसाळ होऊन बसते, ती निस्तरायला वर्ष जातं.

तपासण्या म्हणजे हिमोग्लोबिनसकट सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (साठवलेलं लोह), बी१२, टीएसएच (थायरॉइड) आणि एचबीए१सी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील (बहुतेकींच्या असतात, सांगत नाहीत) तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा, बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात आणि नसलेल्या आजाराची औषधं सुरू होतात. बाळाचा विचार असेल तर व्हिटॅमिन ए असलेली कुठलीही स्किन-हेअरची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, गर्भाला त्याने धोका असतो, वांगाच्या काही क्रीम्सनाही हेच लागू. लोहाची गोळी फेरिटिन बघूनच, आणि सुरू केलीत तर हिमोग्लोबिन भरल्यावरही काही महिने चालू ठेवावी लागते, पहिला रिपोर्ट चांगला आला की बायका सोडून देतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा "चेहरा ओढलेला दिसतो" म्हणून येतात.